फ्रायबेर्गचा ऑर्गन, कागलचे कान

जर्मनीतल्या फ्रायबेर्गच्या डोममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, ऑर्गन श्रोत्यांच्या पाठीमागं आहे. आपण वेदीकडं तोंड करून बाकावर बसायचं. वाजवणारा मागं, उंचावर, पश्चिमेच्या सज्ज्यात, कोरीव लाकूड आणि चकाकत्या नळ्यांच्या भिंतीआड. गवयाचा चेहरा, त्याचा हात, समेवर हलणारी मान बघत गाणं ऐकायची सवय झालेल्या माणसाला हे फारच नवल वाटतं. दाद द्यायची तरी कुणाकडं बघून? मी सारखा मागं वळून बघत होतो. शेजारी बसलेला पोरगा शेवटी हळूच म्हणाला, "काका, तिथं कोण दिसत न्हाई. समोर बघून ऐकायचं."

आणि तेवढ्यात बाखचा सी मायनरमधला पॅसाकालिया सुरू झाला. या रचनेची पहिली ओळ एकट्या पायांची आहे. वाजवणाऱ्याच्या पायाखाली लाकडी पट्ट्यांची एक वेगळी ओळ असते, तिला पेडल म्हणतात. हात वर नुसते थांबलेले असतात आणि पाय आठ मात्रासमूहांची एक संथ चाल वाजवतात. चाल चढते, वळते आणि उतरत उतरत पेडलच्या अगदी तळाच्या सी सुरावर येऊन थांबते. त्या सुराची उघडी नळी सोळा फूट लांब असते आणि तिच्यातली हवा सेकंदाला तीस-पस्तीस वेळाच हलते. कानाला तो सूर जेमतेम कळतो. मला तो बाकाच्या फळीतून आधी मांडीला कळला, मग बरगड्यांना. हीच रचना मी कागलमध्ये इअरफोन लावून इतकी वर्षं ऐकली होती, पण ही शेवटची पायरी त्या इअरफोनमध्ये कधी उतरलीच नव्हती, हे त्या क्षणी समजलं.

माझी नोकरी कागलच्या फाइव्ह स्टारमध्ये, एका फौंड्रीत, मेंटेनन्सला. कागदोपत्री ती कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. पण बसवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे फाइव्ह स्टारच म्हणतात. ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी ओतकामाचं जागतिक प्रदर्शन भरतं, त्याचं नाव गिफा. कोल्हापूरची फौंड्रीवाली मंडळी तिथं हमखास भेटतात. जून २०२३च्या गिफाला कंपनीनं मलाही धाडलं. प्रदर्शन आटपल्यावर मंडळी पॅरिसला गेली, स्वित्झर्लंडला गेली. मी पूर्वेकडची रेल्वे धरली, कारण ड्रेस्डेनच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला फ्रायबेर्ग आहे, तिथं ओतकामाचं शिक्षण देणारं जुनं विद्यापीठ आहे, आमच्या हुपरीकडचा एक पोरगा तिथं शिकतोय. आणि तिथल्या डोममध्ये गोटफ्रीड झिल्बरमाननं १७१४ साली पुरा केलेला ऑर्गन अजून वाजतोय.

फौंड्रीतल्या माणसाला ही आवड कुठून लागली, असं तिथंही एकानं विचारलं. मला तो प्रश्न उलटा वाटतो. फौंड्रीतल्याच माणसाला ती लागायला हवी. इंडक्शन फर्नेस चालू असली की ती गाते. कॉइलमधून जाणाऱ्या विजेची वारंवारता भट्टीतल्या मालाप्रमाणं बदलत राहते. स्क्रॅप पडला, खाली बसला, वितळू लागला, तसा तिचा सूर सरकत जातो. जुना फर्नेसमन मीटरकडं न बघता नुसत्या आवाजावरून सांगतो, माल बसला, पॉवर चढवा. त्या गुणगुणीच्या वर शेकआउटचा खडखडाट, कॉम्प्रेसरचा ठेका, शॉट ब्लास्टिंगची सळसळ. हा सगळा गोंगाटच आहे, त्याला मी संगीत म्हणत नाही. पण यंत्राच्या आवाजात थर असतात, आणि एकेक थर वेगळा काढून ऐकला नाही तर बेअरिंग गेलेलं कळत नाही, ही शिकवण मात्र कानाला रोज मिळते.

त्या कानांवर पहिल्यांदा आली ती महाविष्णू ऑर्केस्ट्रा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एका मित्रानं मुंबईहून कॅसेट आणली होती, 'बर्ड्स ऑफ फायर', १९७३ सालची. पहिलंच गाणं अठरा मात्रांत. जॉन मॅकलाफ्लिनची गिटार, बिली कॉबमचे ड्रम, यान हामरची कीबोर्ड आणि जेरी गुडमनचं व्हायोलिन एकमेकांच्या अंगावर धावून येतात आणि तरी ठरल्या जागी एकत्र उतरतात. झपताल आणि रूपक ऐकत वाढलेल्या माणसाला अठराची भीती वाटत नाही. तो बोटं मोडत मोजू लागतो आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनाला समेवर हजर असतो. अमेरिकेतले कितीतरी श्रोते या संगीताला अवघड म्हणायचे. आमच्या होस्टेलवर ते अवघड कुणालाच वाटलं नाही, कर्कश मात्र बऱ्याच जणांना वाटलं.

मग मॅकलाफ्लिनचा माग काढत मागं गेलो आणि 'इमर्जन्सी!' सापडली. टोनी विल्यम्स लाइफटाइम, १९६९. तिघंच वादक: विल्यम्सचे ड्रम, मॅकलाफ्लिनची गिटार, लॅरी यंगचा हॅमंड ऑर्गन. ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, जोरात वाजलं की आवाज फाटतो. काही जाणकार त्यावरून नाकं मुरडतात. मला ती फाटच हवीशी वाटते. लॅरी यंग पुढं येऊन मिरवत नाही. तो मागं एक जाड, धुमसता सूर धरून ठेवतो, त्यात हळूच एक परका स्वर मिसळतो, आणि सगळी खोली तिरकी झाल्यासारखी वाटते. जॅझ रॉकमधला माझा सगळ्यात आवडता आवाज तोच.

हॅमंड ऑर्गनचं झाकण काढलेलं चित्र पुढं कधीतरी बघायला मिळालं आणि मी चाटच पडलो. आत नळी नाही, पडदा नाही, तार नाही. एक सिंक्रोनस मोटर, तिच्यावर फिरणारा शाफ्ट, आणि ९१ पोलादी चकत्या. प्रत्येक चकतीच्या कडेला दाते, समोर चुंबकाची कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. दाता कांडीसमोरून गेला की तारेत विजेचा एक हेलकावा उठतो. सेकंदाला जितके दाते, तितक्या कंपनांचा सूर. हे मी रोज बघतो! डिझेल जनरेटरच्या फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर मॅग्नेटिक पिकअप बसवलेला असतो, तो हेच दाते मोजून गव्हर्नरला इंजिनाचा वेग कळवतो. आमच्या वसाहतीत किर्लोस्करांची इंजिनं बनतात, त्या परिसरात पिकअप माहीत नाही असा मेंटेनन्सवाला शोधून सापडायचा नाही. लॉरेन्स हॅमंडनं १९३५ साली त्याच तत्त्वावर वाद्य उभं केलं आणि चर्चना सांगितलं, नळ्यांचा ऑर्गन परवडत नसेल तर हा घ्या. तो चर्चमध्ये गेला, आणि तिथून जॅझच्या क्लबात.

याच वाद्यावर मला बाखचा रस्ता सापडला. हॅमंडच्या पट्ट्यांच्या वर नऊ ओढायच्या दांड्या असतात आणि त्यांच्यावर आकडे लिहिलेले असतात: १६, ८, ४, २, १, अधेमधे अपूर्णांकही. हे आकडे फुटांचे. विजेच्या यंत्रात फूट कसले? ते नळ्यांच्या ऑर्गनमधून जसेच्या तसे उचललेले आहेत. तिथं आठ फुटी रांगेवर पट्टी दाबली की लिहिला तो सूर येतो, सोळा फुटीवर खालच्या सप्तकातला, चार फुटीवर वरच्या सप्तकातला. या रांगा एकावर एक चढवायच्या, मूळ सुरावर त्याच्याच उपस्वरांचे थर रचायचे, आणि त्यातून आवाजाचा रंग घडवायचा. झिल्बरमान जे कथलाच्या नळ्यांनी करत होता, तेच लॅरी यंग दातेरी चकत्यांनी करतो. एकाला बरोक म्हणतात आणि एकाला जॅझ रॉक, दुकानात त्यांचे कप्पे वेगळे, श्रोतेही बहुतेक वेगळे; पण कारखान्याच्या बाजूनं आत शिरलात तर दोघं एकाच घरचे निघतात.

नळ्यांच्या ऑर्गनची माझी ओळख झाली ती हेल्मुट वाल्खाच्या ध्वनिमुद्रणांतून. लाइपझिगमध्ये १९०७ साली जन्मलेला हा वादक ऐन पोरवयात आंधळा झाला. बाखच्या रचना तो दुसऱ्याकडून वाजवून घेऊन शिकला, तेही एका वेळी एकच ओळ. आधी डाव्या हाताची, मग उजव्याची, मग पायांची, आणि मग डोक्यात त्यांची जोडणी. अशा रीतीनं पाठ केलेलं बाखचं सगळं ऑर्गन संगीत त्यानं दोनदा मुद्रित केलं. त्याच्या वादनात म्हणूनच कुठलीही ओळ दुसरीच्या पायाखाली चेंगरत नाही. मुखानं विद्या घ्यायची आपली जी रीत आहे, ती इतक्या लांब, इतक्या वेगळ्या संगीतात एका माणसानं एकट्यानं पुन्हा उभी केली, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्याकडं ऑर्गन म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो संगीत नाटकाचा. पायानं भाता हाणायचा, आत पितळेच्या पट्ट्या थरथरायच्या, आणि पडदा उघडायच्या आधी तो सूर थिएटरभर पसरायचा. आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्याच छायेत हा ऑर्गनही मराठी रंगभूमीवर रुजला. तेव्हा हे वाद्य आपल्याला परकं नाही. फ्रायबेर्गला नवल वाटलं ते त्याच्या आकाराचं, आणि ते ज्या गावात उभं आहे त्या गावाचं.

फ्रायबेर्ग चांदीवर उभं राहिलं. ११६८च्या सुमारास इथं चांदी सापडली आणि पुढची कित्येक शतकं साक्सनीची तिजोरी या गावानं भरली. डोममध्ये पाहाल तर प्रवचनाचा एक मंच दगडी खाणकामगाराच्या खांद्यावर तोललेला दिसतो. माझ्याबरोबरचा पोरगा हुपरीचा, घरी पिढ्यान् पिढ्या पैंजणांचं काम. त्याला गाव दाखवताना चेव आला होता. "काका, आमच्याकडं चांदी घडवत्यात, हितं ती जमिनीतनं काढायचे. आता खाण बंद हाय, पर आम्हाला शिकायला आत नेत्यात." खाणीचं विद्यापीठ १७६५ साली स्थापन झालं आणि ते नुसतं खोदकाम शिकवून थांबलं नाही. इंडियम हे मूलद्रव्य १८६३ साली इथं सापडलं. १८८६ साली क्लेमेन्स विंक्लर या रसायनशास्त्रज्ञाला इथल्याच खाणीतल्या एका चांदीच्या खनिजाचा हिशेब लागेना. सगळे घटक मोजले तरी वजनात काहीतरी कमी पडत होतं. ते कमी पडणारं काढता काढता हाती आलं जर्मेनियम, ज्याचं भाकीत मेंडेलीव्हनं आधीच करून ठेवलं होतं.

हे ऐकून मी रस्त्यात थांबलो. जर्मेनियम! पहिला ट्रान्झिस्टर १९४७ साली बनला तो जर्मेनियमचा. साठीच्या दशकात गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी जी फझ नावाची डबी निघाली, तिच्या सुरुवातीच्या सर्किटांतही जर्मेनियमचेच ट्रान्झिस्टर. गरम झाले की त्यांचं काम बिघडायचं, एका डबीचा आवाज दुसरीशी जुळायचा नाही, तरी वादकांचा जीव त्यांच्यावर. आणि सॉफ्ट मशीन या इंग्लिश जॅझ रॉक मंडळीतला माइक रॅटलेज? त्यानं आपला लोरी कंपनीचा साधा घरगुती ऑर्गनच फझमधून काढला. १९७० सालच्या 'थर्ड' या दुहेरी तबकडीत तो आवाज ऐका: ऑर्गन आहे हे कळतं, पण तो करवतीच्या धारेनं बोलतो. ज्या गावच्या सज्ज्यात झिल्बरमानचा ऑर्गन उभा आहे, त्याच गावच्या खनिजातून ऑर्गनला ती धार देणाऱ्या मूलद्रव्याचा शोध लागला. असा दुवा कुणी पुस्तकात जुळवला असता तर मी ओढूनताणून आणलेला म्हटलं असतं. तिथं उभं राहून मात्र तो खरा वाटत होता.

ऑर्गनविषयी आता जरा नीट सांगतो. तीन हातपट्ट्या, एक पेडल, अडीच हजारांहून जास्त नळ्या. झिल्बरमान तेव्हा तिशीतला. स्ट्रासबुर्गला थोरल्या भावाकडं काम शिकून नुकताच परतलेला. ऑर्गनचा सूर आजच्या रूढ सुरापेक्षा अर्ध्या स्वराहूनही चढा आहे, त्यामुळं ओळखीची रचना तिथं एकदम तरतरीत, थोडी कडक लागते. पट्टी आणि नळीखालची झडप यांच्यामध्ये लाकडाच्या पातळ काड्यांची साखळी आहे, वीज कुठंच नाही. पूर्वी भाते पायानं दाबायला माणसं लागत. आता तेवढ्यापुरती मोटर.

आणि नळ्यांचं ओतकाम. इथं फौंड्रीवाला जागा होतो. नळी साच्यात ओतत नाहीत. कथील आणि शिसं वितळवून आधी पत्रा ओततात. लांबलचक बाक, त्यावर ताणलेलं कापड किंवा वाळूचा थर, बाकाच्या टोकाला तळ नसलेला लाकडी खोका. खोक्यात रस ओतायचा आणि तो खोका एका दमात बाकावरून ओढत न्यायचा. मागं धातूचा पातळ पत्रा अंथरला जातो. गंमत पुढंच आहे. आमच्याकडं रस लेडलमध्ये थंडावला की सगळ्यांची धावपळ, कारण थंड रस साच्यात मिळून येत नाही, जिथं दोन प्रवाह भेटतात तिथं भेग राहते आणि कास्टिंग रिजेक्ट. नळीचा ओतारी मात्र रस थंडावायचीच वाट बघतो. तो ढवळत राहतो, आणि रस जरा दाटून रवाळ झाला की मगच ओढतो. हाताला कळणारी ती एक घडी आहे, थर्मामीटरपेक्षा हात बरा असं जुने कारागीर मानतात. मग पत्रा रंधायचा, लाकडी दांड्यावर गुंडाळायचा, सांधा डाकायचा, आणि नळीच्या तोंडाशी चाकूनं ओठ कापायचा. तो ओठ किंचित उंच की किंचित खाली, यावर सूर गोल येणार की फुसका, हे ठरतं. दर्शनी नळ्यांना झिल्बरमान जवळजवळ शुद्ध कथील वापरायचा. खर्चाचा असला तरी त्या चकाकीची आणि त्या स्वच्छ आवाजाची त्याला ओढ होती. त्यानं पन्नासेक ऑर्गन उभे केले, त्यांतले तिसाहून जास्त टिकून आहेत. ड्रेस्डेनमधले ज्यांवर बाख स्वतः वाजवून गेला ते दोन मात्र १९४५च्या बॉम्बहल्ल्यात गेले.

आता पुन्हा पॅसाकालियाकडं येतो, कारण त्या संध्याकाळचं खरं धन तेच. ती संथ चाल एकदा पायांनी सांगितली की तिच्यावर वीस वेळा वेगवेगळं बांधकाम होतं. चाल तीच, वरचं दर वेळी नवं. कधी दोन हात एकमेकांचा पाठलाग करतात, कधी जिन्यासारखे सूर उतरतात, कधी चालच पायांतून निघून हातांत वर जाते आणि खाली मोकळं होतं. मला लहरा आठवला. तबल्याचं स्वतंत्र वादन असतं तेव्हा पेटीवाला एकच चाल पुन:पुन्हा वाजवत राहतो आणि तबलजी तिच्यावर कायदे, रेले, तुकडे रचत जातो. लहरा न हलता असतो म्हणून तबला हलू शकतो. इथं लहराही तोच माणूस वाजवतो, पायांनी, आणि विस्तारही तोच करतो, हातांनी. जॅझ रॉकमध्ये बास गिटार एक तुकडा धरून बसते आणि कॉबमसारखा ड्रमर तिच्यावर वादळ उठवतो, तेही हेच. मी रेकॉर्डिंगवर हे तिन्ही वेगवेगळं ऐकलं होतं. त्या बाकावर ते एकाच वेळी कळलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही.

वीस विस्तारांनंतर फ्यूग लागतो. तिथं चालीचा पहिला अर्धा भाग घेऊन बाख चार आवाजांचं भांडण लावतो, आणि शेवटाकडं एका अनपेक्षित सुरावर सगळं अडवून धरतो. डोममध्ये त्या थांबण्याचा प्रतिध्वनी छताखाली फिरत राहिला. रेकॉर्डिंगमध्ये ही जागा मला नेहमी थोडी लांबवलेली वाटायची. ती लांबवलेली नाही. दगडाला आवाज परत द्यायला तेवढा वेळ लागतो, आणि वाजवणारा त्या दगडासाठी थांबतो.

बाहेर पडलो तेव्हा नऊ वाजून गेले तरी चांगला उजेड होता. पोरगा मला होस्टेलवर जेवायला घेऊन गेला. भात, आमटी, आईनं पाठवलेली कांदा-लसणाची चटणी. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एकच, त्यामुळं कुणी पोलंडचा, कुणी चीनचा, कुणी तिथलाच, आपापली भांडी घेऊन उभे. मी फोनवर 'उसफ्रेत' लावली. त्रिलोक गुर्टूची १९८८ सालची तबकडी, जर्मनीतल्याच एका कंपनीनं काढलेली. डॉन चेरीचा ट्रम्पेट, राल्फ टाउनरची गिटार, त्रिलोकचे तबला-ड्रम, आणि या सगळ्यातून सरळ वर येणारा त्याच्या आईचा, शोभा गुर्टूंचा आवाज. ठुमरी-दादऱ्यातला तो मुरलेला आवाज त्या धडधडीवर कुठंही बावरत नाही. जॅझ रॉकचा अभिमान मराठी मुलखानं कशासाठी बाळगावा, असं कुणी विचारलं तर मी हीच तबकडी पुढं करीन.

तिथल्या एका जर्मन पोरानं चमचा हातात धरूनच विचारलं, ही गाणारी कोण? आमच्या पोरानं मला विचारून त्याला सांगितलं, मग स्वतःच चकित होऊन माझ्याकडं वळला. "बेळगावच्या? म्हंजे फाइव्ह स्टारमधनं हायवेला लागलं की निपाणी, संकेश्वर, आन् बेळगाव. काका, एवढ्या जवळच्या?" आणि त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, या वेळी आवाज पुरा चढवून.